खिळ्यावरचा नान

शेवटचे तीन दिवस आम्ही फारसं काम केलं नाही.
काचा पुसल्या, रंगाचे डबे मोजले,
उरलेले खिळे उगाचच मापांप्रमाणे लावले.
शाळेमागचं हरितगृह उभं राहिलं होतं,
आत वाफ्यांत नुसती काळी माती.
टोमॅटो जूनमध्ये, तोक्तोबेक म्हणाला.
तेव्हा आम्ही अकरा जण सहा देशांत असू.

नारिनहून वर दोन तास. ऑगस्ट सरत आलेला,
डोंगर एका रात्रीत पांढरे.
एक तारखेला शाळेची पहिली घंटा वाजायची,
साइकाल केसांत फीत बांधून तालीम करत होती,
सगळ्यांत धाकटी म्हणून घंटा तिच्या हातात.
आमची गाडी एकोणतीसला, पहाटे पाचला.

मग ठेवाठेव सुरू झाली.
इनेसने बूट ठेवले, मिकेलने झोपायची पिशवी,
मी अर्धी अमृतांजनची बाटली.
बुरमाकान एजेने सगळं निमूट कपाटात सरकवलं.
(एजे म्हणजे ताई, आम्ही शिकलेला पहिला शब्द.)
कपाटात आधीच्या सात तुकड्या होत्या.
ती त्यांना देशांवरून ओळखत नाही.
किटली जाळणारे. नदीत पडलेला तो लांब मुलगा.
मटण न खाणारे, बिचारे.
मी विचारलं, आणि आम्ही?
तिने शाळेकडे हनुवटी उडवली:
उलटं दार.

दार आम्ही बाहेर उघडणारं बसवलं होतं,
थेट वाऱ्याच्या तोंडावर.
संध्याकाळी तोक्तोबेकने ते उतरवलं, मी टॉर्च धरला.
तीन बिजागऱ्या, बारा स्क्रू, वीस मिनिटं.
तो काही बोलला नाही, फक्त शीळ घालत होता.
इतक्या हळुवारपणे मला कुणी कधी नापास केलं नव्हतं.

एजेच्या स्वयंपाकघरात, कॅलेंडरशेजारी,
खिळ्याला दोऱ्यानं टांगलेला एक नान.
वाळून खापरासारखा, आणि कडेला चावलेला.
पहिल्या दिवशी मला वाटलं, उंदीर.
एर्मेकचा, ती म्हणाली. माझ्या मुलाचा.
लांब जाणाऱ्यानं एक घास घ्यायचा,
उरलेला नान त्याची वाट बघतो,
परतला की त्यानेच संपवायचा.
चार वर्षं झाली. येकातेरिनबुर्गला इमारतींवर असतो.

आम्ही तिकीट काढून इथे वाळू वाहायला आलो,
तो तिकीट काढून तिकडे वाळू वाहायला गेला.
आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली, लॅमिनेट केलेली.
त्याला दर काही महिन्यांनी कुठल्यातरी खिडकीत
एक शिक्का मागावा लागतो.
हे मी कुणाला बोलले नाही. बोलून काय,
सगळ्यांनाच तो नान दिसत होता.

शेवटच्या रात्री जेवण, भाषणं.
आम्ही नक्की परत येऊ, प्रत्येकजण म्हणाला,
आणि चोल्पोनने ते किरगिझमध्ये सांगितलं.
चौथ्या खेपेपासून ती नुसतं म्हणू लागली,
हापण.
म्हातारे मान डोलवत होते, चहा ओतत होते,
पेला अर्धाच भरतात तिथं,
पाहुणा लवकर उठू नये म्हणून.

पहाटे अंगणात बॅगा, तोंडातून वाफा.
एजेने प्रत्येकाला फडक्यात एकेक नान दिला, ऊन.
मी माझा तोंडाशी नेला,
एक घास तोडून तिला परत द्यावा म्हणून.
तिने माझं मनगट धरलं.
नको गं. रस्त्यात खा. अख्खा खा.

आतली भिंत दारातून दिसत होती.
त्या खिळ्याच्या दोन्ही बाजूंना जागा होती.
आणि खिळे तर अडीच किलो
आम्हीच मागे ठेवून चाललो होतो.

उंबऱ्यावर सवयीनं तोंडातून गेलं, येते हं.
आमच्यात जाते म्हणत नाहीत.
चोल्पोन गाडीत केव्हाच पेंगत होती,
भाषांतर कुणी केलं नाही.
बरं झालं.

कोचकोर येईपर्यंत मी नान खात राहिले,
भूक नसताना, कडेपासून मधल्या नक्षीपर्यंत,
सगळा,
परतलेल्यानं संपवायचा असतो तसा.